वरची फांदी

धाकटीने नर झाडाचं एक अंजीर तोडलं आणि अंगठ्याच्या नखाने उभं चिरलं. आत भुशासारखा कोरडा, पिवळट गर होता, आणि त्या गरातून चिलटं बाहेर यायला धडपडत होती. काळी, तिळाहून बारीक. एक तिच्या नखावर चढलं. त्याने पंख झटकले, अंगावरचं पिवळं पीठ नखावर सांडलं आणि ते उडून गेलं.

"निघाली," ती म्हणाली.

तिचा नवरा ओढ्याच्या काठावर बसून लव्हाळ्याची पाती पाण्यात बुडवत होता. ओढ्यात पाणी असं नव्हतंच, नुसती डबकी होती. पाती वर येऊ नयेत म्हणून तो त्यांच्यावर दगड ठेवत होता.

"बरीच आहेत का?"

"आतून झाड हललंय म्हणा. उद्या पहाटे माळा घालायला हव्यात."

"मग आजच तोडू. सगळी."

"सगळी म्हणजे?"

"सगळी म्हणजे सगळी. झाडावर एक ठेवायचं नाही."

चिरलेलं अंजीर धाकटीने झाडाच्या बुंध्याशी ठेवलं, उरलेल्या चिलटांना निघता यावं म्हणून.

बागेतली बाकीची झाडं माद्या होत्या. त्यांना फळं लागत; हिरवी, गोटीएवढी. पण ती आपली आपण धरत नसत. नराच्या फळातून निघालेलं चिलट मादीच्या फळाच्या बुडाशी असलेल्या बारीक डोळ्यातून आत शिरायचं, अंगावरचं पीठ आत सांडायचं, तेव्हा कुठे ते फळ भरायचं. शिरताना दारातच चिलटाचे पंख तुटत. ते परत येत नसे. जे फळ रिकामं राही ते सुरकुतून गळून पडे. नराचं फळ माणसाच्या तोंडी लागत नाही, ते चिलटांचं घर. म्हणून चिलटं निघायच्या सुमाराला ती फळं तोडायची, लव्हाळ्याच्या पात्यांत ओवायची आणि पहाटे वारा पडलेला असताना माद्यांच्या फांद्यांवर टांगायची. या घरात हे काम दोघी जावा करत आल्या होत्या. यंदा वाटण्या झाल्या होत्या.

निमित्त पाण्याचं झालं. थोरल्या भावाने धाकट्याला न विचारता पाण्याची एक पाळी शेजाऱ्याला दिली. शेजाऱ्याचा पंप बिघडला होता, तेवढंच. पण धाकटा म्हणाला, "मी या घरात आहे की नाही?" आणि थोरला म्हणाला, "आहेस, म्हणून तर तुझ्या वाटचंही दिलं." मग बोलण्याला बोलणं लागत गेलं. थंडी संपायच्या आत अंगणात विटांची भिंत उभी राहिली आणि बागेत दगडांची, डोक्याच्याही वर जाणारी. मोजणीदाराने माद्या एकेक मोजून निम्म्या निम्म्या केल्या. घर मोजलं, भांडी मोजली. नराला खायचं फळ नाही म्हणून तो मोजलाच नाही. ओढ्याकाठची पट्टी धाकट्याकडे आली, तिच्याबरोबर नर आला. शिडी थोरल्याकडे गेली. म्हातारी सासू पाळीपाळीने दोन्हीकडे राहणार होती, आणि तिच्यासाठी अंगणातल्या भिंतीला एक फाटक ठेवलं होतं. त्या फाटकातून दुसरं कुणी जात नसे.

दुपारी धाकटा आकडी घेऊन नराखाली उभा राहिला. लांब बांबूला वर लोखंडी हूक. खालच्या फांद्या संपल्या तेव्हा त्याने आकडी शेंड्याकडे नेली.

सासू दगडावर बसली होती. "वरची फांदी सोड," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणे. तुझा बाप काय म्हणायचा? खालच्या आपल्या, वरची चिलटांची."

"बाप शिडीवर चढून तोडायचा. मला शिडी दिलीय का कुणी? आकडीला वरची-खालची कळत नाही."

"आकडीला नाही कळत. धरणाऱ्याला कळतं."

धाकट्याने मान वर ठेवली होती, त्यामुळे त्याचा आवाज घशातून ओढल्यासारखा येत होता. "आई, वर ठेवली तर संध्याकाळच्या वाऱ्याने चिलटं भिंतीपलीकडे जातात. फुकट. त्यांनी वाटणीत शिडी घेतली तेव्हा कुणी म्हणालं का, धाकट्याचे हात आखूड आहेत?"

"अरे, पलीकडे जातील तेवढी जाऊ देत. राहिलेली या झाडाच्याच बारक्या फळांत शिरतात. तिथे अंडी घालतात. झाड नांदतं राहतं. वरची फांदी ओरबाडलीस तर पुढल्या वर्षी चिलटं काय बाजारातून आणणार?"

"पुढचं पुढे."

त्याने हूक अडकवून हिसका दिला. फळं पडली. दुसऱ्या हिसक्याला फांदीच कडकन वाजली आणि अर्धी चिरून खाली लोंबली. तिच्यातून पांढरा चीक टपटपू लागला. धाकटा एक पाऊल मागे सरला. चीक त्याच्या खांद्यावर पडला होता. तो त्याने पुसला नाही, आकडी खाली ठेवली आणि टोपली उचलली.

सासूने गुडघ्यावर हात टेकून उठताना एवढंच म्हटलं, "झालं."

संध्याकाळी धाकटी पडवीत ओवायला बसली. हे काम एकट्याचं नव्हे. एकीने फळाच्या देठाशी दाभण खुपसायचं, दुसरीने त्या भोकातून पातं ओढून घ्यायचं. इतकी वर्षं दाभण थोरलीच्या हातात असायचं. दोघींची बोटं चिकाने पोळायची, कातडी सोलायची, आणि काम संपलं की दोघी एकमेकींच्या बोटांना तेल चोळून देत. स्वतःचं स्वतःला तेल लावता येत नाही असं नव्हतं. पण तशी पद्धत पडली होती.

थोरली ओवताना फार बोलत नसे. बोलली तर असं काही बोले की धाकटीच्या हातातलं पातं सुटायचं. "नर तो नरच," ती दाभणाला अंजीर लावून म्हणायची. "टांगल्याशिवाय कामाला येत नाही." आतून सासरा खाकरायचा, की दोघी पदर तोंडात कोंबून बसायच्या.

माळेची गाठ थोरलीच मारायची. पात्याची दोन टोकं एकमेकींभोवती फिरवून शेवटचा वेढा उलटा. ती गाठ वाऱ्याने सुटत नसे, पातं वाळलं तरी सैल होत नसे. धाकटीची गाठ पातं वाळलं की घसरायची. "तुझी गाठ तुझ्यासारखी," थोरली म्हणायची, "कुणी ओढली की सुटली." धाकटीने ती उलटी गाठ कधी शिकून घेतली नाही. शिकायची गरज पडली नव्हती. थोरली शेजारीच असायची.

आता ती दाभण खुपसायची, दाभण खाली ठेवायची, पातं ओढायची, परत दाभण उचलायची. दाभण बोथट झालं होतं. एकदा ते फळातून निसटून तळहातात गेलं. तिने हात तोंडात धरला. चिकाची कडू चव जिभेला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. सासू आतून म्हणाली, "काय झालं ग?"

"काही नाही. दाभण."

सख्खी बहीण दुरावली तर बाईला रडता येतं. चार बायका येऊन बसतात, विचारपूस करतात. जावेसाठी कोण रडतं? जाऊ वेगळी झाली म्हणजे सुटलीस बाई, असंच लोक म्हणाले होते, आणि धाकटीने मान डोलावली होती.

काही माळा तिने बाजूला काढल्या. नवरा हात धुवायला गेला तेव्हा त्या कोठीतल्या रिकाम्या माठात ठेवल्या आणि तोंडावर ओलं फडकं बांधलं. बागेतली भिंत ओढ्यापाशी संपत होती. तो बाहेर गेला की काठाकाठाने जाऊन पलीकडे देऊन यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. कदाचित काही बोलायचंच नाही, नुसतं हातात द्यायचं.

पहाटे वारा नव्हता. धाकट्याने पिंप उलटं करून त्यावर बाक ठेवलं आणि बाकावर उभा राहिला. तेवढ्या उंचीवरून हात मधल्या फांद्यांपर्यंतच पोचत होते. धाकटी खालून माळा देत होती. बापाच्या वेळी एका फांदीला एक माळ असे. धाकट्याने खालच्या फांद्यांवर एकीशेजारी एक अशा टांगायला सुरुवात केली.

"फार होतात," ती म्हणाली. "एका फळात जास्त शिरली की फळ फुटतं."

"मग काय करू? फेकून देऊ?"

"ठेवल्या असत्या. नसतीच तोडली सगळी."

"हे बघ," तो बाकावरूनच म्हणाला, "फुटायचंच असेल तर आपल्याच झाडावर फुटू दे."

शेवटच्या झाडाशी त्याची कंबर धरली. तो खाली उतरून बसला आणि धाकटी बाकावर चढली. तिथून भिंतीच्या वरून पलीकडचं दिसत होतं. थोरली झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवत होती. एका गुडघ्यावर वजन न टाकता चालायची तिची सवय होती, त्यामुळे कळशी तिच्या कमरेवर हिंदकळत होती. पलीकडच्या एकाही झाडावर माळ नव्हती. थोरली एका झाडापाशी थांबली आणि फांद्यांकडे पाहत राहिली. धाकटी खोकली. थोरलीने वळून पाहिलं. मग ती कळशी घेऊन पुढच्या झाडाकडे गेली.

"झालं का?" खालून नवरा म्हणाला.

"झालं."

तो दिवसभर बागेतून हलला नाही. बाकावर उताणा पडून फांद्यांकडे बघत बसला, कुठली माळ वाळते, कुठल्या फळाभोवती चिलटं घोटाळतात. धाकटीने जेवण तिथेच नेऊन दिलं. माठाकडे ती मधूनमधून जाऊन आली. फडकं ओलं करून परत बांधलं.

संध्याकाळी तिची बोटं उघडत नव्हती, म्हणून ती दुकानात तेल आणायला गेली. दुकान एका बाईचं होतं. ती मधोमध बसायची आणि हात लांबवला की तिला सगळं मिळायचं. थोरली तिथे आधीच उभी होती. काड्यापेटी घ्यायला आली होती.

"अगबाई," दुकानदारीण म्हणाली. "दोघी जावा एका वेळी. घड्याळ लावून निघालात की काय?"

दोघी हसल्या नाहीत. धाकटीने हात पदराखाली घेतले, पण थोरलीने ते पाहिले होते.

"हिला आधी तेल दे," थोरली दुकानदारणीला म्हणाली. "हात बघ कसे झालेत. एकटीने ओवलं की असंच होणार."

धाकटी बरण्यांकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, दाभण बोथट झालंय."

"मी काय टपाल आहे?" दुकानदारीण म्हणाली. पण तिला मजा वाटत होती. ती थोरलीकडे वळली. "दाभण बोथट झालंय म्हणते."

"ओढ्यातल्या दगडावर घासायचं म्हणावं. पाणी लावून. दर वर्षी कोण घासायचं ते विचार तिला."

"कोण घासायचं ग?"

धाकटीचं तोंड उघडलं. माठात तुमच्यासाठी माळा ठेवल्यात, एवढंच सांगायचं होतं. पण दुकानाच्या पायरीवर तो शेजारी बसला होता, पाण्याची पाळी मिळालेला. दोन्ही घरांत त्याचं जाणं-येणं होतं, आणि इथे पडलेला शब्द तो दिवे लागायच्या आत तिथे नेऊन टाकायचा. कान इकडे लावून तो बिडी पेटवत होता.

"तेल दे," धाकटी म्हणाली.

थोरलीने काड्यापेटी उचलली. पायरी उतरताना ती जराशी थांबली, गुडघ्यामुळेही असेल. मग गेली.

धाकटा घराबाहेर पडला तो पुढच्या दिवशी दुपारी, पंपाचा पट्टा आणायला. त्याची सायकल वळणावर दिसेनाशी होताच धाकटी कोठीत गेली आणि माठावरचं फडकं सोडलं. फडक्याच्या आतल्या बाजूला राख उडून बसावी तशी चिलटं चिकटली होती. तिने फडकं झटकलं. एकही हललं नाही. माळांवरची अंजिरं बसकी, मऊ झाली होती. तिने एक चिरलं, दुसरं चिरलं. गर रिकामा होता. माठाच्या तळाला काळा थर साचला होता, बोटाने रेघ मारता येईल इतका.

चिलटाचं आयुष्य एका दिवसाचं. हे तिला या घरात आल्यावर थोरलीनेच सांगितलं होतं. "ताजी चिलटं, ताज्या माळा. उद्या करू म्हणणारीची बाग रिकामी." ते तिला पाठ होतं. तरी ओलं फडकं आणि माठाचा गारवा बघून तिला वाटलं होतं, थांबतील.

तिने माळा उकिरड्यात पुरल्या आणि माठ राखेने घासला. सासूने विचारलं, "माठ कशाला घासतेस अवेळी?" ती म्हणाली, "वास येत होता."

मग पलीकडे फळं गळायला लागली. दिवसाही ऐकू यायचं. वाळक्या पानावर काहीतरी हलकं पडल्याचा आवाज, मग थोडा वेळ काही नाही, मग परत. सासू जाऊन बघून आली. "थोरला वाकून वाकून उचलतो आणि खिशात घालतो," ती म्हणाली. "खिसे फुगलेत. मी म्हटलं, अरे खराटा घे. तर म्हणतो, खराट्याचा आवाज तिकडे जाईल."

धाकट्याने ऐकलं. तो जेवत होता. त्याने पाणी मागितलं.

एके सकाळी सासू फाटकातून आली ती थेट चुलीपाशी येऊन बसली. "थोरली माहेरी गेली."

धाकटीच्या हातातला चमचा भांड्यावर वाजला. "भांडून?"

"कोण जाणे. पहाटेच्या गाडीने गेली. पण पोतं रिकामं घेऊन गेली. भांडून जाणारी बाई भरून नेते."

थोरलीचं माहेर वरच्या अंगाला होतं, थंड हवेत. तिथले नर उशिरा पिकत. धाकटीला हे माहीत होतं. तरी गाडीची वेळ झाली की ती काही ना काही काढून रस्त्याच्या बाजूला बसायची. थोरली परत आली ती दिवस मावळताना, डोक्यावर भरलेलं पोतं घेऊन, एका पायावर जोर देत. थोरला तिला घ्यायला वळणापर्यंत गेला होता. त्याने पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. घरापर्यंत दोघं एका शब्दानेही बोलताना दिसली नाहीत. धाकटी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पलीकडून शिडी सरकवल्याचा आवाज येत होता. एका झाडाकडून दुसऱ्याकडे. मधून थोरल्याचं "धर", आणि थोरलीचं "धरलीय हो, पडू नका." धाकटा अंथरुणात पडून ऐकत होता. झोपल्यासारखा श्वास त्याला नीट जमत नव्हता.

त्यानंतरच्या सकाळी धाकटी ओढ्यावर कपडे घेऊन गेली तेव्हा नराला शिडी टेकलेली होती. थोरल्याकडची. तिची एक पायरी मोडली होती तिथे सासऱ्याने लोखंडी नळी ठोकली होती, म्हणून लांबूनही ओळखू यायची. ओढ्याच्या वाळूत शिडीची दोन टोकं ओढत आणल्याच्या रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये पावलं. एक पाऊल खोल, एक उथळ.

धाकटीने वर पाहिलं. वरची फांदी अर्धी चिरलेली होती, पण राहिलेल्या अर्ध्या सालीवर तिची पानं हिरवी होती. पानांच्या मध्ये नराची नवी, बारीक फळं दिसत होती. आणि त्यांच्याशेजारी एक माळ लोंबत होती. अंजिरांवर चिलटं फिरत होती.

ती शिडीवर चढली. माळेला हात लावला नाही. गाठ पाहिली. शेवटचा वेढा उलटा होता.

"कुणी बांधली?" खाली नवरा येऊन उभा राहिला होता.

"गाठ तुम्हालाही ओळखू येते."

"आपल्या झाडावर?"

"आपल्या झाडावर."

तो थोडा वेळ वाळूतल्या पावलांकडे बघत होता. "काढ ती."

धाकटी शिडीवरच होती. "मला ही गाठ सुटत नाही," ती म्हणाली.

"काप मग."

"विळी घरी राहिली."

त्याने वर बघितलं. ती खाली बघत नव्हती. मग तो ओढ्यात उतरला, एका डबक्यात हात धुतले, तोंड धुतलं, आणि पंपाकडे निघून गेला. माळ तिथेच राहिली. शिडीही तिथेच राहिली. पलीकडून ती कुणी मागितली नाही, इकडून कुणी दिली नाही. न मागता आलेली वस्तू परत कशी करायची हे दोन्ही घरांत कुणाला माहीत नव्हतं.

धाकट्याची अंजिरं आधी फुगली. आसपासच्या सगळ्या बागांच्या आधी. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे, आणि धाकटा उगाच भिंतीजवळच्या झाडाखाली मोठ्याने बोलायचा. मग एका उन्हाच्या दिवशी खालच्या फांदीवरची फळं बुडाकडून उलली. ओठ फाटावेत तशी. आतला लाल, दाणेदार गर बाहेर आला. मुंग्यांची रांग लागली, गांधीलमाश्या आल्या. बागेत आंबूस वास सुटला, तो घरात आला, अंथरुणात आला. फुटलेलं अंजीर वाळत नाही, नासतं. दोघं पाट्या भरभरून खड्ड्यात टाकत राहिली. शेंड्याकडे, जिथे माळ पोचली नव्हती, तिथे थोडी बरी फळं होती. ती काढायला शिडी लागली असती. शिडी नराला टेकलेली होती. धाकट्याने ती आणली नाही. बरी फळं आपली आपण वाळून पडली तेव्हा त्याने ती एकेक उचलली.

पलीकडे वाळवणाच्या चटया अर्ध्याही भरल्या नव्हत्या. पण जे होतं ते अख्खं होतं, असं सासू म्हणाली.

सासूची पाळी संपली. धाकटीने तिचं गाठोडं फाटकापर्यंत नेलं. तिथे ते सासूच्या हातात द्यायचं, एवढंच ठरलेलं होतं.

"काही सांगायचंय का?" सासूने विचारलं.

"काय सांगायचं?"

"मला काय विचारतेस. तुझं तोंड, तुझा शब्द." सासू वाट बघत उभी राहिली. मग तिने गाठोडं काखेत मारलं. "नराकडे बघून ये एकदा," ती म्हणाली आणि फाटक ओढून घेतलं. त्यानंतर पलीकडची खबर आणणारंही कुणी राहिलं नाही. धाकटी संध्याकाळी दोन माणसांचं जेवण करायची आणि अंगणातल्या भिंतीकडे पाठ करून बसायची. पलीकडची भांडी वाजली की तिला कुठलं भांडं ते कळायचं.

मग ओढ्याला पाणी आलं. धाकटी नराकडे गेली तेव्हा काठ निसरडा झाला होता. शिडीवर चढून तिने वरच्या फांदीवरचं एक फळ तोडलं. दुसऱ्या बहराचं, लहान आणि कडक. माळ अजून होती. अंजिरांची नुसती सालं उरली होती आणि पातं वाळून तांबूस झालं होतं. गाठ सैल झाली नव्हती.

तिने फळ चिरलं. आधी काही दिसलं नाही. मग गरातल्या दाण्यांमधून एक चिलट वर आलं. त्याच्यामागून दुसरं. तिने फळ मिटून तसंच फांदीच्या बेचक्यात ठेवलं आणि शिडीच्या पायरीला धरून थोडा वेळ उभी राहिली.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "झाड नांदतंय."

तो पंपाचा पट्टा ताणत होता. ताणून झाला, परत सैल केला, परत ताणला. "शिडी बाहेर पडून भिजतेय," तो म्हणाला. "पायऱ्या सुटतील."

"मग?"

"मग काय. ज्याची त्याला."

"तुम्ही देता?"

"मला काम आहे."

धाकटीने शिडी खांद्यावर घेतली. ओढ्याकडून जाता येणार नव्हतं. तिने ती बागेतल्या भिंतीपाशी नेली. पलीकडे कुणीतरी खराटा मारत होतं. एक फटकारा लांब, एक आखूड. एका गुडघ्यावर वजन न टाकणाऱ्या माणसाचा.

तिने शिडी उभी केली, भिंतीच्या माथ्यावर टेकवली आणि वर ढकलली. शिडी अर्ध्यावर गेली आणि तराजूसारखी डुलू लागली. आणखी ढकलली तर ती पलीकडे कुणाच्या डोक्यावर आदळणार. खाली ओढावी तर हातात जोर उरला नव्हता. दगडाची बारीक कपची निसटून तिच्या पायावर पडली.

"जाऊबाई," ती म्हणाली. "शिडी येतेय."

खराटा थांबला.

लोखंडी नळी भिंतीवर घासून वाजली. मग धाकटीच्या हातातलं वजन एकदम कमी झालं.

"धरली," पलीकडून आवाज आला. मग जरा वेळाने, "चिलटं?"

"आहेत. आत्ताच बघितली."

"आणि माळ?"

"सुकली. गाठ आहे तशीच आहे."

धाकटीने कपाळ शिडीच्या लाकडाला टेकवलं. लाकूड ओलं होतं.

"मी पण ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. माठात. मेली सगळी."

"माठात?" थोरली म्हणाली. "अगं, माठात कोण ठेवतं चिलटं?"

ती हसली की काय ते धाकटीला नीट कळलं नाही. भिंत मध्ये होती.

"दाभण घासलंस का?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही घासून द्या," धाकटी म्हणाली.

शिडी भिंतीवर आडवी होती. पलीकडून कुणी ती ओढून घेतली नाही. धाकटीनेही आपलं टोक सोडलं नाही.